आपली बॅटिंग आणि बेपत्ता सुभेदार

मी नाथाजी इंगवले. सांगली जिल्ह्यातल्या नामांकित गुप्तहेरांची नावं कुणी विचारली तर ती मीच सांगतो, आणि ती सगळी माझीच असतात. विश्रामबागेत माझं कार्यालय आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन व गुप्त तपास’ असं लिहिलेलं आहे. माणसाच्या चपलेवरचा चिखल बघून तो कुठून आला हे मी छातीठोक सांगतो. पुष्कळदा तो भलतीकडूनच आलेला निघतो. पण त्यात चूक त्याची असते.

हे प्रकरण घडलं तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती आणि गल्लीवर सुतक पसरलं होतं. पाहुण्या संघानं आपल्याला आपल्याच देशात दोन कसोट्यांत धुऊन, पिळून वाळत घातलं होतं. तिसरी सुरू झाली होती. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोचचा, निवड समितीचा आणि खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्याचाही राजीनामा मागून झाला होता. एका गृहस्थानं क्रिकेट कायमचं सोडल्याचं जाहीर केलं होतं आणि तो आता कंपाउंडच्या भिंतीआडून स्कोअर विचारत होता.

मॅच बघायची ती धनपाल मगदूम यांच्या हॉलमध्ये. शेतीच्या औषधांचं दुकान, स्वभाव मोकळा, टीव्ही भिंतीएवढा. सोफ्यावर धनपालच्या शेजारची जागा केरबा सुभेदारांची. फौजेतून निवृत्त होऊन ते समोरच्या घरात राहायला आले, तेव्हापासून प्रत्येक मॅच ह्या दोघांनी खांद्याला खांदा लावून बघितलेली.

पण तिसऱ्या कसोटीच्या पहिल्या दिवशी अघटित घडलं. सुभेदार चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आले, विकेट पडली. बसले, दुसरी पडली. मोरीकडे गेले, चौकार बसला. परत आले, तिसरी गेली. धनपाल ताडकन उठला.

“केरबा, तूच पनवती हैस रं! आपली बॅटिंग आसंल तवा माझ्या घरात पाय ठिवू नगंस!”

सगळा हॉल हसला. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, धनपाल माझ्या दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

“नाथाजी, केरबा गावंना. दाराला कुलूप हाय आन फोन आत वाजतोय.”

मी हातातलं आधारकार्ड तसंच लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सोडलं. (ते नंतर जरा कुरकुरीत निघालं.) सुभेदारांच्या खिडकीतून मी आत बारीक नजर टाकली.

“दाढीचा ब्रश ओला आहे,” मी म्हणालो. “खुंटीवर इस्त्रीचा शर्ट नाही. फोन मागे ठेवलाय. ज्याअर्थी माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन न घेता जातो, त्याअर्थी त्याला ह्या जगाशी संबंध तोडायचा आहे. पण नीटनेटकेपणानं.”

धनपालनं कुलूप पुन्हा ओढून बघितलं. त्याची बायको चंदनबाला वहिनी फाटकात उभ्या होत्या.

“आवं भावजी, साळूबाईंना फोन करून इचारा की. लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेल्यात त्या.”

“वहिनी,” मी समजुतीच्या सुरात म्हणालो, “तपासाच्या शास्त्रात बायको ही पहिली संशयित. तिला सावध करून चालत नाही.”

“ती बाई तिकडं नातवाची दुपटी धुतीया!”

“हीच तर पक्की सबब.”

धनपालनंही फोन नको म्हणून मान हलवली, पण त्याचं कारण वेगळं होतं. “तिला काय सांगू गं? माझ्या बोलण्यापायी गेला म्हणून सांगू?”

मग मी पहिला सिद्धान्त मांडला. “ज्याच्या नुसत्या बसण्यानं विकेट पडते, असा माणूस सट्टेवाल्यांच्या दृष्टीनं केवढा मोलाचा! त्यांनी सुभेदारांना पळवून टीव्हीसमोर बसवलं असणार.”

“जबरदस्तीनं?”

“बांधून.”

तेवढ्यात भिंतीआडून ओरडा आला, “दोन गेले!”

“बघितलंत?” मी म्हणालो. “बसवलं त्यांना.”

विकेटच पुरावा देत असताना थांबणं शक्य नव्हतं. धनपालच्या स्कूटरवर आम्ही कुपवाडला एमआयडीसीत गेलो. एका बंद शेडमधून कॉमेंट्रीचा आवाज येत होता. मी दार ढकलून “कुणी हलायचं नाही!” असं गरजलो. आत सात-आठ कामगार डबे उघडून मोबाइलवर मॅच बघत होते. त्यांनी आम्हाला कारखान्यांचे सरकारी तपासनीस समजून घाईघाईनं हेल्मेटं घातली आणि चहा मागवला. एकानं हळूच विचारलं, “सायेब, लंच टायमात रडलं तर चालतं न्हवं?” आणखी एक विकेट पडली होती आणि मोबाइलवर सकाळपासूनच्या विकेटा पुन्हा दाखवत होते.

चहा चांगला होता, पण धनपालनं कपाला हात लावला नाही. बाहेर आल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “नाथाजी, घाटावर जाऊन यिऊया.”

कृष्णेच्या घाटापर्यंत त्यानं स्कूटर सुसाट पळवली. वाटेत मी एकही सिद्धान्त मांडला नाही, ह्यावरून प्रसंग ओळखावा.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर पुरुषाच्या चपलांचा जोड होता. माणूस नव्हता. धनपालनं त्या चपला बघितल्या आणि माझा दंड गच्च धरला.

मी मन घट्ट केलं, चपला उचलल्या आणि उजेडात धरल्या. “ह्या चालीत लष्करी शिस्त आहे. टाच सारखी झिजलीय. चिखल फौजी...”

“ए चपलाचोर!” पाण्यातून एक डोकं वर आलं. “ठिव खाली! पोहू तर द्या की रं मानसाला!”

टॉवेल गुंडाळून तो बाहेर आला. पंचविशीतला पोरगा होता. फौजेशी त्याचा संबंध नव्हता, पण भाषा सीमेवरची होती. धनपाल मात्र त्याला बघून एवढा आनंदला की त्यानं त्याचा ओला हातच हातात घेतला. पोरगा जास्तच बिथरला.

तेवढ्यात धनपालचा फोन वाजला. चंदनबाला वहिनी होत्या. त्यांनी माझा आदेश मोडून साताऱ्याला फोन लावला होता. धनपालनं स्पीकर चालू केला.

“आवं, साळूबाई हसाय लागल्या,” वहिनी सांगत होत्या. “म्हणाल्या, दरसाली दिवाळी झाली की मालक बँकेत जात्यात, पेन्शनीसाठी अंगठा लावाय. जित्तं हाय म्हणून दाखवाय लागतं न्हवं? सकाळी त्यांस्नी तसं फोनवर सांगून गेल्यात. फोन चार्जिंगला लावून इसरलं आसतील. जावा बिगीनं बँकेत!”

म्हणजे आम्ही दिवसभर ज्या माणसाला मेलेला धरून चाललो होतो, तो दिवसभर आपण जिवंत असल्याचं सिद्ध करत बसला होता. मी हे धनपालला सांगितलं नाही. तो आधीच स्कूटरवर बसला होता.

बँकेत पेन्शनरांची ही गर्दी होती. बाकावर मधोमध सुभेदार, इस्त्रीच्या शर्टात, हातात कुणीतरी दिलेले शेंगदाणे. सकाळी सर्व्हर बंद होता, दुपारी सुरू झाला तर मशीनला त्यांचा अंगठा पटेना. शेजारचे म्हातारे त्यांच्याशी आपल्या संघाच्या जुन्या मॅचींबद्दल भरभरून बोलत होते. ते पनवती आहेत हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

धनपाल समोर जाऊन उभा राहिला. “केरबा.”

“काय?”

“घरला चल.”

“तुझी बॅटिंग चाललीया.”

“संपली. समदी आऊट. आत्ता, वाटंत यिताना ऐकलं.”

सुभेदारांनी एक शेंगदाणा सोलला. “मी सकाळपासनं हितं हाय. टीव्ही बघितला न्हाई, स्कोर इचारला न्हाई. मग आजच्या ह्या विकेटा कुणी घालिवल्या रं?”

बाकावरचे सगळे म्हातारे धनपालकडे बघायला लागले. शेतकऱ्यांसमोर तासभर कीटकनाशकावर बोलणारा हा माणूस आता स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत होता.

“चुकलं गड्या,” तो म्हणाला. “सकाळी टीव्ही लावला. बाजूला कोण न्हाई. शिवी द्यायची झाली तर कुणाकडं बघून द्यायची? मग बंदच केला.”

 सुभेदार शेजारच्या म्हाताऱ्याला कोपरानं ढोसून सरकले आणि बाकावर जागा केली. धनपाल बसला. अर्धे शेंगदाणे त्याच्या हातात आले.

“काय झालं निस्तं सांग तरी,” सुभेदार म्हणाले. “आज पयला कसा आऊट झाला?”

“बाहीरचा बॉल. मारायची गरज न्हवती.”

“दुसरा?”

“त्योच बॉल.”

दोघांनी एकाच वेळी एकच शिवी घातली. बँकेच्या गार्डनं वळून बघितलं.

मग खिडकीतून हाक आली. सुभेदार उठले, अंगठा शर्टाला पुसला आणि मशीनवर दाबून धरला. मशीननं विचार केला. पुन्हा विचार केला. हिरवा दिवा लागला.

“झालं काका,” खिडकीतल्या मॅडम हसून म्हणाल्या. “जिवंत आहात तुम्ही.”

सुभेदारांनी मागे वळून धनपालला विचारलं, “मालिका किती झाली म्हणायची आता?”

“तीन-शून्यच धर.”

सुभेदार पुन्हा खिडकीकडे वळले. “म्याडम, परत एकदा तपासा. मला तरी तसं वाटंना.”

सगळी रांग खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं धनपाल हसला, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. त्यावरून बँकेत धूळ फार आहे, असा निष्कर्ष मी तात्काळ काढला.