बोरस्त्यांची होडी वणीला जाते

नवनाथ बोरस्त्यांच्या दारात होडी येऊन उभी राहिली, तेव्हा सिडकोतल्या त्या गल्लीत सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं. होडीही साधीसुधी नव्हती. शिडाची, सागवानी, चांगली जुन्या काळातली, आणि पोटात दोन माणसं आडवी होतील एवढी खोली असलेली. मुंबईकडच्या एका गृहस्थांनी ती विकायला काढली होती. बोरस्त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो पाहिला आणि त्यांच्या फंडाच्या पैशांना पाय फुटले. ती गंगापूर धरणात सोडायची, शीड उभारून वाऱ्यावर फिरायचं आणि एक रात्र पाण्यावर झोपायचं, एवढंच त्यांना आयुष्यात करायचं राहिलं होतं.

बोरस्ते अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यातून रिटायर झाले होते. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत, अशी त्यांची ख्याती. घरीही तेच. कलिंगड वाजवल्याशिवाय आणि वांगं दाबल्याशिवाय पिशवीत पडायचं नाही, आणि भाजीवाल्या त्यांना लांबून पाहून टोपलीवर फडकं टाकायच्या. पण प्रेमात पडलेला माणूस वाजवून बघत नाही. होडीचा पांढरा रंग चकाकत होता, मालकांनी "हात लावायची गरज नाही" असं सांगितलं, आणि बोरस्त्यांनी खरोखरच हात लावला नाही.

हे कसलं खूळ, असं म्हणत मंगलाबाईंनी होडीभोवती एक फेरी मारली.

"तुम्हाला पोहता येतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"होडीत बसायला पोहावं लागत नाही."

"पडल्यावर लागतं."

बोरस्त्यांनी तिकडे दुर्लक्ष करून एक पाय होडीच्या काठावर टाकला, तोच मंगलाबाईंनी त्यांना तसंच थांबवलं. या घरातली लुना आधी वणीच्या देवीला गेली होती, स्कूटर गेली होती, मारुतीही गेली होती. देवीला दाखवल्याशिवाय होडीत कुणीही पाय ठेवायचा नाही.

"अगं, ही पाण्यातली. देवी डोंगरावर."

"मग ओढून न्या."

बोरस्त्यांनी पाय खाली घेतला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला कुठला पाय कधी खाली घ्यावा हे कळतं.

होडी ओढायला सुरगाण्याचा मल्हारी जीप घेऊन आला. एरवी तो सुरगाण्याहून माणसं आणायचा, आणि किती आणायचा हे पोलिसांनी विचारू नये इतकी आणायचा. होडी बघून तो खूश दिसला नाही. "हिच्यापरीस माणसं बरी, काका," तो म्हणाला. "वळणावर आपली आपण वाकत्यात."

ट्रॉलीवर होडी, होडीला झेंडूच्या माळा, डोलकाठी आडवी बांधलेली आणि तिच्या मागे आलेल्या टोकाला लाल फडकं, अशी वरात निघाली. दिंडोरीपर्यंत बोरस्ते विचारील त्याला हौसेनं माहिती देत होते. दिंडोरीत चहाला थांबले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं बाजूला घेऊन, यंदा पूर येणार असल्याचं सरकारनं कुणाला सांगितलंय का, असं अगदी काळजीनं विचारलं. त्याची समजूत घालेपर्यंत शेळ्यांनी एका बाजूच्या माळा खाऊन टाकल्या. तिथून पुढं बोरस्त्यांनी जीपची काच वर करून घेतली.

गडाच्या पायथ्याशी नांदुरीला पोचल्यावर मल्हारीनं समोरचा घाट पाहिला, मागची होडी पाहिली आणि इंजिन बंद केलं. ही वर वळायची नाय, म्हणाला. मंगलाबाईंनी गडाकडे बघून हात जोडले आणि पूजा पायथ्याशीच करायचं ठरवलं. देवीला वरून दिसतंच.

चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, चाकं ट्रॉलीची आहेत, होडीची नाहीत. मग आणखी लिंबं आणून ती होडीच्या पोटाखाली सरकवली. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक आलं. रंग खराब होईल म्हणून बोरस्ते कुरकुरले, पण नारळ निवडायचं काम मिळाल्यावर त्यांच्या अंगात पुन्हा तो जुना तपासणीस संचारला. दुकानदाराचा ढीग त्यांनी हलवून, टिचक्या मारून, कानाला लावून उपसला आणि सगळ्यात टणक नारळ शोधून काढला.

मंगलाबाई तो रस्त्याकडेच्या दगडावर फोडायला निघाल्या, तेव्हा बोरस्त्यांनी त्यांना अडवलं.

"दगडावर कशाला? हिच्या नाकावर फोड. सागवान आहे. समुद्राच्या लाटा खाल्ल्यात तिनं."

मंगलाबाईंनी पदर खोचला, देवीचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी नारळ हाणला.

नारळ फुटला नाही. होडी फुटली. नारळ स्वस्तिकाच्या मधोमध आत गेला आणि खोलीत कुठंतरी गडगडत जाऊन थांबला. बोरस्त्यांना ज्या होडीत पहिलं पाऊल टाकायचं होतं, तिच्यात पहिला मान नारळानं घेतला.

मल्हारीनं भोकात बोट घातलं आणि बाहेर काढून वास घेतला. "काका, हे लाकूड नाय. पुट्टी हाय. आमी भिंतीला लावतो ती."

आता बोरस्ते होडी वाजवायला लागले. मागची बाजू टणटण बोलत होती, पुढची नुसती भदभद करत होती. मुंबईच्या गृहस्थांना त्यांनी फोन लावला. जशी आहे तशी विकली, असं म्हणून गृहस्थांनी देवीला आपलाही नमस्कार सांगायला सांगितला. बोरस्ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. धरणात गेलो असतो तर तळाशी गेलो असतो, हे त्यांना कळत होतं. पण जीव वाचल्याचा आनंद काही केल्या होत नव्हता. त्यांना फक्त रडू येत होतं, आणि मंगलाबाई आता काय म्हणतील याची भीती वाटत होती.

एवढ्यात शेजारच्या हॉटेलचा मालक आला. होडी आहे तशी घेतो, म्हणाला. दारात उभी करायची, आत टेबलं टाकायची, पोरांचे वाढदिवस जोरात होतात. भोकावर तो बोर्डच लावणार होता.

"घेऊन टाका," बोरस्ते मान वर न करता म्हणाले.

"होडी विकायची नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

बोरस्त्यांनी वर पाहिलं. "अगं, तूच तर..."

"हो, मी म्हणत होते. अजून म्हणते, खूळ आहे. पण जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासलात, आणि स्वतःसाठी म्हणून ही एक वस्तू आणलीत. तिच्यात लोकांनी बसून पनीर खायचं?" त्या हॉटेलवाल्याकडे वळल्या. "आणि पूजा अर्धी आहे दादा, नारळ फुटायचाय अजून. दुरुस्त करून परत आणणार आहोत."

बायकोनं आपली बाजू घेण्याची बोरस्त्यांना सवय नव्हती. ते उगाच लिंबं गोळा करू लागले.

निघताना नवी अडचण आली. नाकाची फळी सुटून लोंबत होती. कुणीतरी आत बसून धरली पाहिजे, नायतर दिंडोरीला नाक वेगळं अन् होडी वेगळी, असं मल्हारीनं बजावलं. बोरस्ते ताडकन उठले. त्यांची वेळ अखेर आली होती.

"तुमचा गुडघा दुमडत नाही," असं म्हणून मंगलाबाई चाकावर पाय देऊन होडीत चढल्यासुद्धा. "देवीला दाखवून झालीय. आता हरकत नाही."

"मग मीही येतो."

"दोघांचं वजन सोसायचं नाही तिला. तुम्ही पुढं बसा, मल्हारीला खड्डे सांगा."

बोरस्ते जीपमध्ये बसून खड्डे सांगू लागले. आरशात त्यांना मंगलाबाई दिसत होत्या, एका हातानं फळी धरून ताठ बसलेल्या, पदर मागं उडत असलेला. रस्त्यावरची माणसं त्यांना हात जोडत होती. वणी मागं पडलं आणि बोरस्त्यांचा फोन वाजला. होडीतूनच होता. हात भरून आला असणार, आता आपला नंबर लागणार, म्हणून त्यांनी घाईनं तो उचलला.

"अहो, मल्हारीला सांगा, लांबच्या रस्त्यानं घे."

"का? फळी सुटतेय का?"

"नाही हो," मंगलाबाई म्हणाल्या. "वारा फार छान लागतोय."