ठकूबाईच्या पोटातली शांतता

एका जंगलात त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं, मुलांनो. इतकं दाट, की सुभाना भेकराला स्वतःचे खूरसुद्धा दिसेनात.

त्याच्या बायकोचे, ठकूबाईचे दिवस भरत आले होते. सुभाना रोज तिच्या पोटाला कान लावी. आत पोर छाती हलवायचं, वर-खाली, वर-खाली. आज हलत नव्हतं.

त्यानं शेजारच्या गोदाक्का साळिंदरणीला बोलावलं. तिनं पुष्कळ बाळंतपणं केलेली. आत हवा नसते, पण पोर श्वासाची तालीम करत असतं, असं तिनं हळूच सांगितलं. जन्मल्यावर ऐनवेळी कुठं शिकणार? पण आई घाबरली की तिच्या रक्तात भीतीचा रस उतरतो. तो नाळेतून पोराला पोचला की तालीम बंद.

"असंच चाललं तर बाहेर आल्यावर पोराला श्वास जमायचा नाही," ती सुभानाच्या कानात म्हणाली. "ही कशाला घाबरली, ते बघ आधी."

बघायला लांब जायला नको होतं. धुकं जरासं फाटलं, तसे शेजारीच पट्टे दिसले.

जंगलाचा राजा वाघ फार भला होता हो. गरोदर बायांना भीती वाटते, हे कळल्यापासून तो स्वतः धीर द्यायला यायचा. पंजाच्या अंतरावर बसायचा आणि म्हणायचा, "ठकूबाई, घाबरायचं नाही. मी आहे ना."

ठकूबाई दगड होऊन बसे. पापणीही लवत नसे. राजाला वाटे, काय ही शांतता! आज तर खूश होऊन त्यानं सांगितलं, की बाळंत होईपर्यंत मुक्काम इथंच.

राजाला जा म्हणावं, तर म्हणायचं कसं? बराच वेळ गवत चघळून सुभाना म्हणाला, "महाराज, हिची भीती पार गेली. पोटातलं पोरसुद्धा हूं की चूं करत नाही. ही किमया बाकीच्या राजांना कळायला नको?"

राजाच्या मिशा फुलल्या. तो तडक डोंगरापलीकडे भाषणाला गेला.

धुकं विरलं. ठकूबाईनं गवताचा एक घास तोडला, मग दुसरा. हळूहळू पोटात छाती हलू लागली. पुढं पोर जन्मलं, शिंकलं आणि छान श्वास घेऊ लागलं. डोंगरापलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या.

सुभानानं तिकडं तोंड करून राजाचे आभार मानायला सुरुवात केली.

तात्पर्य, जे गोदाक्कानं त्याला तिथंच सांगितलं:

"मान बाबा, आभार मानायलाच हवेत. पण हळू मान. ऐकू गेलं तर परत येईल."