दोन टिचक्या

"आमचे जावई मोबाइलवरच्या गमतीच्या चित्रांवर पीएचडी करतात," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. "लग्नाच्या आधीपासून."

"अजून चित्रं संपली नाहीत?" शेजारणीने काळजीने विचारलं.

संशोधकाने खुलासा करणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्याचा विषय मीमशास्त्र. एकाची सवय दुसऱ्याला कशी लागते आणि कल्पना या डोक्यातून त्या डोक्यात कशा शिरतात, याचा अभ्यास. अशा थोर शास्त्राला जगात नोकऱ्या फार नव्हत्या. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. समितीला ठोस पुरावा दिला तर ती वाढणार, नाहीतर मेहुण्याच्या फरशांच्या दुकानात बसायचं. मेहुण्याने मोठ्या मनाने खुर्ची पुसूनही ठेवली होती.

संशोधकाने मग एक सवय स्वतःच जन्माला घातली. विभागातल्या कॉफीच्या मशीनचं बटण दाबण्याआधी तो मशीनच्या कोपऱ्यावर दोन टिचक्या मारू लागला. मशीनला त्याची काही गरज नव्हती. याबद्दल तो कुणाजवळ चकार शब्द बोलला नाही, कारण बोललं की प्रयोग बिघडतो.

आधी कारकून टिचक्या मारू लागला, मग ग्रंथपालबाई, आणि एक दिवस खुद्द मार्गदर्शक मॅडम.

"मॅडम, हे कशासाठी?" संशोधकाने साळसूदपणे विचारलं.

"पावडर खाली बसते ना. टिचक्या मारल्याशिवाय कॉफीला चव नाही," मॅडम म्हणाल्या. ज्या गोष्टीचा आपण कधीच विचार केलेला नाही, तिच्याबद्दल माणूस जितक्या खात्रीने बोलतो, तितक्या खात्रीने. संशोधकाला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

समितीपुढे तो ताठ उभा राहिला. "विभागातली टिचक्यांची सवय मी लावली," त्याने जाहीर केलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्ही? अहो, मी इथे रुजू झाल्यापासून मारतोय."

"मला तर आमच्या सरांनी शिकवलं," मॅडम दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या.

"पण मॅडम, मशीन गेल्या वर्षी आलंय."

"मग आधीच्या मशीनला मारत असू."

"आधी मशीन नव्हतंच. किटली होती."

"मग किटलीला," अध्यक्षांनी निकाल दिला. "तुम्ही सुरू केलंत, याला साक्षीदार कोण?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रयोग बिघडला असता."

"आता फारच सुधारलाय," अध्यक्ष म्हणाले. "विभागाची जुनी परंपरा स्वतःच्या नावावर खपवणं शोभत नाही."

प्रयोग इतका यशस्वी झाला होता की संशोधक त्यातून साफ पुसला गेला होता. शिष्यवृत्ती बंद झाली. त्या दिवशी त्याला खरंच वाईट वाटलं. घरी बायकोने भावाला फोन लावला.

दुकानात संशोधक मन लावून फरशा दाखवू लागला. बोटांना लागलेली खोड मात्र सुटली नव्हती. प्रत्येक फरशी गिऱ्हाइकापुढे ठेवताना दोन टिचक्या आपोआप पडायच्या. गिऱ्हाइकं कान देऊन ऐकू लागली, मग स्वतः मारू लागली. महिन्याभरात टिचक्या मारल्याशिवाय कुणी फरशी घेईना, आणि समोरच्या दुकानातही टकटक ऐकू येऊ लागली.

"हे काय असतं हो?" एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं.

मेहुण्याने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे भक्तिभावाने पाहिलं. "आमच्या दादांनी घालून दिलेली पद्धत आहे. या भावोजींनासुद्धा मीच शिकवली."

संशोधकाने तोंड उघडलं. मग अध्यक्षांचा साक्षीदाराचा प्रश्न आठवला, आणि त्याने मुकाट्याने पुढची फरशी काढली.