गंगाबाईचा अंगठा आणि मदरबोर्ड

टीव्हीवर काहीच उमटेना, तेव्हा गंगाबाई पडद्याकडे सोडून सगळीकडे बघू लागली. का उमटत नव्हतं, हे करंजाड्याच्या त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

तिचा मुलगा शैलेश टीव्हीसाठी कॉम्प्युटर जोडायला बसला होता. तयार घेतला तर परवडेना, म्हणून एकेक भाग निवडून आणलेला. पंखा आवाज न करणारा, पेटी टीव्हीखाली मावेल एवढी बुटकी, प्रोसेसर असा की वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू नये. बायको बघताना मेल्याने एवढी चौकशी केली नव्हती.

"पंखा फिरतोय, मग पिक्चर का येत नाही?"

"नवीन हाय, बुजला असंल," गंगाबाई म्हणाली. "जरा दम धर."

"कॉम्प्युटर बुजत नाही, आई."

सून पूर्वी स्वयंपाकघरातून डोकावली. "आईंनी हात नाही ना लावला?"

"मी? मी त्याच्याकडं बगितलं पन नाय!" गंगाबाई इतक्या मोठ्याने म्हणाली, की तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

झालं होतं असं. काल पनवेलच्या दुकानात मदरबोर्डचा खोका बंद होता. उरणच्या बाजारात सारा जन्म मासळी विकलेली बाई बंद खोक्यातला माल घेईल कशी? तिने तो उघडायला लावला. शैलेश स्कूटर हलवायला खाली गेला, दुकानदार बिल करायला वळला. तेवढ्यात बोर्डावरचं काळं झाकण उचलून गंगाबाईने आत अंगठा दाबला. पापलेट दाबून बघतात तसा. खळगा भरून आला तर ताजं, नाही आला तर शिळं.

खळगा भरून आला नाही. तिने झाकण लावलं आणि छताकडे बघत राहिली.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाजारातली जागा गेली. करंजाड्याला आली तर चूल सुनेची, रिमोट मुलाचा. तिच्या हाती उरलं होतं ते फक्त भाव पाडणं. काहीही घ्यायचं झालं की शैलेश म्हणायचा, "आईला घेऊन जाऊ." हे अंगठ्याचं कळलं, की तेही संपलं. मग बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीसारखं बसायचं आणि खालच्या रिक्षा बघायच्या.

शैलेशने प्रोसेसर काढला, मोबाइलची बॅटरी मारली आणि ओरडला, "बोर्डाच्या खळग्यातल्या पिना वाकल्यात! खराब बोर्ड चिकटवला आपल्याला. आई, साडी बदल. तू बोलायला लागलीस की टिकायचा नाही तो दुकानदार."

"माजं गुडगं दुखतान."

"रिक्षाने जाऊ."

रिक्षाभर गंगाबाई देवाला विनवत होती, दुकान बंद असू दे. दुकान सताड उघडं होतं.

दुकानदार निनाद बोर्ड भिंगाखाली धरून बघू लागला. शैलेश तावातावाने बोलत होता आणि मध्ये मध्ये आईला कोपराने ढोसत होता. "आई, बोल ना!"

जिच्या आवाजाने गिऱ्हाईक पिशवी टाकून पळायचं, ती गंगाबाई पुटपुटली, "गरम व्हतंय."

"दादा, कंपनीतून असं येत नाही," निनाद म्हणाला. "कोणीतरी वरून दाबलंय."

"म्हणजे मी दाबलं?"

गंगाबाई हळूच दाराकडे सरकली.

"तुम्ही कशाला दाबाल? तुम्हाला समजतं. हे एखाद्या अडाण्याचं काम आहे. ज्याला मालातलं ओ का ठो कळत नाही."

गंगाबाईचा पदर कमरेला खोचला गेला.

"अडानी कोनाला बोलतंस रं? उरणच्या बाजारात इचार जा! ह्या आंगठ्यानं मासा दाबला का तो कवा जाल्यात गावला ता सांगते मी! तुजाच माल पिचका, त्याला मी काय करू?"

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

निनादने भिंग खाली ठेवलं. शैलेश आईकडे वळला.

"आई?"

लपायला जागा नव्हती. गंगाबाईने मान वर केली. "हां. मीच दाबला. मंग? बोट माजं, माल माजा. बाजाराचा कायदाच हाय त्यो. दुसरा काढ, निनाद. आनि मोल सांग. पयला नको, दुसरा मोल सांग."

"मावशी, अहो, आधीच नुकसान..."

"नुकसान माजं झालंय, तू कशाला रडतंस? एका घरात दोन बोर्ड इकतंस तू. पापलेट घेनाऱ्याला मी मूठभर करंदी तरी वर फुकाट द्यायची. बोल!"

निनाद बोलला. गंगाबाई हसली, खोटं खोटं उठली, दारापर्यंत गेली. निनादने भाव आणखी खाली आणला.

शैलेशच्या तोंडाशी काहीतरी कडू आलेलं होतं. तो आकडा ऐकून त्याने ते गिळलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि आईपुढे ठेवलं.

गंगाबाई ऐटीत बसली. निनादने नवा खोका उघडला, तेव्हा मात्र तिने कोणी न सांगता दोन्ही हात पदराखाली घेतले.