वरच्या वाडीची साइट

“बाबाजीची साइट रविवारी बंद करून दाखवते, नाहीतर अंबिका नाव सांगणार नाही!”

गावमंडळाच्या वेबसाइटच्या पोटात अकरा वाड्यांच्या अकरा छोट्या साइट. खालच्या वाडीची बाबाजीकडे. वरच्या वाडीची अंबिकाबाईंच्या यजमानांनी, पंढरीनाथांनी उभारलेली. गावाच्या चाळीस आठवणी त्यांनी तिथेच लिहिल्या, दुसरीकडे कुठे एक अक्षर नाही! बाबाजीची साइट ओस पडलीय या खात्रीने, वर्षभर काही न चढलेली साइट पुसून टाकायची, हा ठराव अंबिकाबाईंनीच दामटून मंजूर करून घेतला होता.

“नीरज, ती स्क्रिप्ट का काय ती लिही. कुठली साइट, सांभाळतो कोण, शेवटचं कधी काय टाकलं, सगळं उघडं पडू दे!”

“आई, यादी आधी आपण बघू, मग...”

“चोर तो, आणि तपासायचं आपण? थेट ग्रुपवर धाड! बंद साइटवाल्याला नोटीसही जाऊ दे.”

रविवारी केबिन रोडवरच्या मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. नीरजने बटण दाबलं. खुराड्यात मुंगूस शिरावं तसे साठ फोन कलकलले! अंबिकाबाईंच्या पिशवीत मात्र दोन फोन वाजले. एक त्यांचा, दुसरा पंढरीनाथांचा. माणूस गेला तरी तो फोन त्या रोज चार्ज करत होत्या.

शेजारच्या घरातली मंदा यादी वाचू लागली. “खालची वाडी. आज सकाळी, बारशाचे फोटो. वरची वाडी. सांभाळणारे, पंढरीनाथ. शेवटची नोंद, तीन वर्षांपूर्वी. दुःखद निधन.”

अंबिकाबाईंनी यजमानांचा फोन उघडला. ‘श्री. पंढरीनाथ, आपण काहीच करत नाही. सभा संपण्याआधी नवीन काही न टाकल्यास साइट पुसली जाईल.’ पहिलं वाक्य त्यांनी स्वतः चाळीस वर्षं ऐकवलं होतं. फोन मिटून त्या वाडीवाल्यांवर कडाडल्या.

“तीन वर्षं वाडीच्या हातांना काय लकवा मारला होता?”

“आमची काय हिंमत, वैनी?” मंदा म्हणाली. “ह्यांच्या फोटोच्या वर कुणी लग्नबारसं चढवलं तर तंगडं मोडीन, असं कोण म्हणालं? माझ्या संचिताचं लग्न झालं, मूल झालं, मी फोटो दाबून बसलेय!”

बाबाजी हसला नाही. तेच जास्त झोंबलं.

“वैनी, ठराव तुमचाच, मोडता येणार नाही. पण काहीतरी टाका. पंढरीदादाचं लिहिलेलं जायला नको.”

नीरजने मोबाइल काढला. “संचिताच्या बाळाचा फोटो टाकू?”

“ह्यांच्या डोक्यावर? मुळीच नाही!”

“मग काय टाकू, आई? सभा संपतेय!”

अंबिकाबाईंनी पदराने नाक पुसलं.

“लिही. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, पंढरीनाथ अजूनही वारलेलेच आहेत.”