जरतारी सर

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं" ही म्हण आपण सगळे थट्टेत वापरतो. कोणी फार जर-तर करायला लागला की त्याचं तोंड बंद करायला ती बरी पडते. हटवार सर मात्र ती गंभीरपणे म्हणत. त्यांच्या मते मराठीत इतकं निर्दोष वाक्य दुसरं नव्हतं. "आत्याबाईला मिशा नाहीत. म्हणजे हे वाक्य खोटं पाडायची सोयच कोणाला ठेवलेली नाही," असं म्हणून ते समोरच्याकडे बघत. हिंमत असेल तर आत्याबाईला मिशा लावून आणा, असा त्या बघण्याचा अर्थ असे.

ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि हटवार सर गणित. आमची भाड्याची घरं एकमेकांना लागून होती, मध्ये एकच भिंत. ते एकटेच राहत. बायको माहेरी लाखनीला असते एवढं आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. का असते, ते कोणी विचारत नसे. विचारलंच तर सर उत्तर देण्याआधी प्रश्नातली चूक दाखवतील, ही भीती होती.

त्या सुमारास आमच्या कॉलेजात संगणकाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. संगणक आला नव्हता, अभ्यासक्रम आला होता. संगणकासाठी एक खोली रंगवून तिच्या दाराबाहेर "चपला काढाव्यात" अशी पाटी लावलेली होती आणि पोरं त्या रिकाम्या खोलीतही चपला काढून डोकावून येत. पहिल्या वर्षाला एक विषय होता डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. तो हटवार सरांच्या गळ्यात पडला. पोरं आली होती तुमसर, लाखनी, आंबागडकडून, सगळी मराठी शाळांतली, आणि पुस्तक इंग्रजी. म्हणून प्राचार्यांनी मला फर्मावलं की तुम्ही वर्गात बसा आणि सरांना मराठी शब्द पुरवा.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी कोश धुंडाळून 'विविक्त गणित' असा शब्द नेला. सरांनी तो दोनदा उच्चारून पाहिला.

"मराठीवाले, हे ऐकून पोरं विषय सोडून पळतीन. विविक्त म्हणजे काय?"

"वेगळं, सुटं. एकांतातलं, असाही एक अर्थ आहे."

"एकांत राहू द्या. सुटं म्हणा."

मग वर्गात जाऊन त्यांनी एका वाक्यात विषय समजावला. "भात आन पेज दोन्ही तांदळाचेच. भाताचा दाणा मोजता येते, पेज मोजता येत नाही. हे भाताचं गणित आहे." तांदळाच्या मुलखातल्या पोरांना यापुढे काही विचारायचं उरलं नाही. मी माझा कोश मिटून ठेवला.

सरांची खरी जागा मात्र 'जर-तर' हा धडा. त्यांचे वडील मोहाडीला हातमागावर रेशमी साड्या विणत. एवढ्या माहितीवर पोरांनी त्यांचं नाव 'जरतारी सर' ठेवलं, आणि मराठीचा मास्तर म्हणून मला त्या नावाचा हेवाच वाटला. सर फळ्यावर चार ओळींचा तक्ता काढत. 'भोंगा वाजला तर गिरणीचं फाटक उघडेल.' भोंगा वाजला, फाटक उघडलं, वाक्य खरं. भोंगा वाजला आणि फाटक उघडलं नाही, वाक्य खोटं. इथवर सगळे बरोबर असत. पण भोंगा वाजलाच नाही तर? फाटक उघडो की न उघडो, सर म्हणत, वाक्य खरंच.

"असं कसं सर? भोंगा नाही वाजला आन फाटक उघडलं तं?"

"भोंगा न वाजता काय होईल, ते मी बोललोच नव्हतो. शब्द मोडला कुठं, दाखवा."

'शब्द मोडला कुठं, दाखवा' हे त्यांचं घोषवाक्य. त्यांचा तक्ता वर्गाबाहेरही चाले. एकदा मी सकाळी त्यांना म्हणालो, आज लवकर आलो तर वैनगंगेवर फिरायला जाऊ. त्या दिवशी मी चांगला उशिरा, दमून आलो. बघतो तर सर चपला घालून माझ्या ओट्यावर बसलेले.

"अहो, मी लवकर कुठं आलो?"

"उशिरा आलो तर जायचं नाही, असं तरी कुठं म्हणाला होता?"

गेलो मग. वैनगंगेच्या पुलावर त्यांनी मला 'आणि' व 'किंवा' यांतला भेद समजावला. मी मराठीचा पदवीधर आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं किंवा लक्षात असून त्यांना फरक पडत नव्हता. माझ्या या वाक्यातला 'किंवा' कोणत्या प्रकारचा, हेही त्यांनी सांगितलंच असतं. बाजारात जाताना गेलेल्या रस्त्यानं परत यायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. सगळे रस्ते एकेकदाच तुडवून घरी पोचायचं. भंडाऱ्याच्या गल्ल्या या हिशोबानं बांधलेल्या नाहीत. त्यामुळे वांग्यांची पिशवी घेऊन सर कुठल्या तरी अनोळखी आळीत उभे दिसत आणि ओळखीचं कोणी भेटलं की रस्त्यांची खोड सांगत. लोक हसायचे. मीही हसायचो. पण घरी वाट बघणारं कोणी असतं तर हा माणूस असा हिंडला नसता, असं मला वाटून जाई.

एक दिवस या जर-तरनं सरांनाच धरलं. वर्गात प्रमिला नावाची एक मुलगी होती, आंबागडकडची. अंगानं काडी, पण प्रश्न विचारायला खमकी. तक्ता शिकवून झाल्यावर ती उभी राहिली.

"सर, दोघांचं भांडण झालं. एक म्हनते, तू बोलली तं मी बोलीन. दुसरी म्हनते, तू बोलला तं मी बोलीन. आन कोनीच नाही बोललं. खोटं कोन?"

सर खूष झाले. प्रश्न उत्तम आहे, म्हणाले. मोठ्या हौसेनं त्यांनी दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी मांडली. हा बोलला नाही, ती बोलली नाही. हे वाक्य खरं, तेही खरं. "कोणीच खोटं नाही. शब्द मोडला कुठं?"

प्रमिला बसली नाही. "मंग ते जलमभर असेच राहतीन का सर? दोघंबी खरेच्या खरे?"

वर्ग हसला. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं तक्त्यात चूक शोधताहेत. चूक नव्हती. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "आज इथंच थांबू." तास संपायला बराच वेळ होता. हटवार सरांनी तास अर्धा सोडल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. चहा त्यांनीच केला. मी काही न विचारता ते बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांची भाषा वर्गातली राहिली नाही.

बायकोनं, इंदिराबाईंनी, त्यांना एकदा विचारलं होतं, मी माहेरी गेली तं तुमचं अडंल का? सर तेव्हा काहीतरी सोडवत बसले होते. ते म्हणाले, "अडंलच असं काही सिद्ध होत नाही."

"खरं तेच सांगलं मी," ते मला म्हणाले. "तेव्हापर्यंत ती कधी गेलीच नव्हती. पुरावा कुठून आणू?"

इंदिराबाईंनी पेटी भरली. सर त्यांना बसस्टँडवर पोचवायलाही गेले. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "न्यायले आले तं येईन." सर म्हणाले, "निरोप धाडला तं येईन." गाडी गेली. निरोप आला नाही, म्हणून सर गेले नाहीत. सर गेले नाहीत, म्हणून त्या आल्या नाहीत. असं करता करता काही वर्षं गेली.

"तिनं शब्द मोडला नाही. मीबी नाही मोडला," सर म्हणाले. आपल्याकडे शब्द मोडतो तसा संसारही मोडतो, हे मराठीच्या मास्तरानं त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांचे डोळे भरले होते.

मग ते म्हणाले, "मराठीवाले, एक वाक्य करून द्या. त्यात जर नको आन तर नको."

सोपं काम, म्हणून मी लगेच सुरुवात केली. "तुझा राग गेला असेल तर..." तर आला, सर म्हणाले. "तुझी हरकत नसेल तर..." पुन्हा तेच. "जमलं तर घरी ये." सरांनी नुसती मान हलवली. आपली सगळी सभ्य मराठी या जर-तरच्या कुबड्यांवर चालते हे मला त्या दिवशी कळलं. वाक्य काही झालं नाही. रविवारी लाखनीला जायचं तेवढं ठरलं. रुसलेल्या बायकोला आणायला एकट्यानं जाऊ नये, सोबत चार शब्द बोलणारा असावा, म्हणून मीही निघालो. माझ्याकडे एकही शब्द नव्हता, पण मोजायला दोघं झालो.

दिवाळी होऊन गेली होती. लाखनीला महामार्गावर उतरलो. ट्रकांची रांग ओलांडून आत गेलो तर घराघरापुढे धान पडलेलं. सर पुढे, मी मागे. इंदिराबाई अंगणात सूप घेऊन पाखडत होत्या. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला. डोक्यावर पदर घेतला आणि पहिला प्रश्न माझ्याकडे बघून विचारला, "सगळे बरे आहेत ना घरचे?" अचानक आलेला माणूस वाईट बातमीच आणतो असं त्यांना वाटलं असावं.

सर म्हणाले, "निरोप नव्हता. तरीबी आलो."

मी शब्दांचा माणूस. 'तर'ला एक वेलांटी लागली तेवढ्यात हा माणूस किती लांब आला, ते मला तिथं उभ्या उभ्या दिसलं.

इंदिराबाईंना मात्र ते वेगळंच लागलं. "निरोप नव्हता?" त्या म्हणाल्या. "दर दिवाळीले भावाच्या हातानं नव्या धानाचे पोहे धाडून राहिली होती मी, ते काय होतं मंग?"

ते पोहे मीही खाल्ले होते. मेहुणा भंडाऱ्याला बाजाराला यायचा, पिशवी द्यायचा, "बाईनं धाडले" म्हणायचा. सर मला हाक मारत. आम्ही तिखट-मीठ-तेल लावून दोन दिवसांत पिशवी संपवत असू आणि लाखनीचं धान कसं चांगलं यावर आमचं एकमत होत असे.

"पोहे..." सर म्हणाले. "पोह्यात काही लिहिलं नव्हतं."

"नवे पोहे मानूस कोनाले धाडते? ज्याची याद येते त्याले. आनखी काय लिहू त्याच्यावर?"

सर तसेच उन्हात उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांच्या डोक्यात तक्त्याची कोणती ओळ चालली आहे ते त्यांच्यासोबत वर्गात बसलेल्या मला कळत होतं. भोंगा वाजूनही फाटक उघडलं नाही, ती; वाक्य खोटं पाडणारी चारांतली ती एकच ओळ.

"म्हंजे निरोप आला होता," ते हळू म्हणाले. "आन मी आलो नाही." मग एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "मंग खोटा मीच." खोटं ठरल्यावर इतकं मोकळं हसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

इंदिराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "एवढं शिकून हे समजाले इतकी वर्सं लागली का?"

"येशील का?" सरांनी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "पाय धुवा आधी. पोहे खा, मंग निघू."

पोहे आले. मी माझी बशी केव्हाच संपवली. सर मात्र दाणा दाणा मोजल्यासारखे सावकाश खात होते.