सागवानी डॅशबोर्ड

जानराव गेले त्याला पाच दिवस झाले होते आणि त्यांचा धाकटा मुलगा अमोल अजून रडला नव्हता. अमरावतीच्या त्या कॉलनीत ही बातमी जानराव गेल्याच्या बातमीपेक्षाही वेगाने पसरली. भेटायला येणाऱ्या बायका त्याच्या आईच्या, गोदाबाईंच्या गळ्यात पडून रडत, डोळे पुसत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "अमोल रडला का?" गोदाबाई नकारार्थी मान हलवत. रडणं असं आत कोंडून राहिलं की माणसाचं काही खरं नसतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

अमोलने प्रयत्न केले नव्हते असं नाही. त्याने स्मशानात केले, न्हाणीघरात केले, बापाचा सदरा नाकाशी धरूनही केले. डोळे कोरडे ठणठणीत. बाप गेल्यावर ज्याला दोन टिपं गाळता येत नाहीत तो कसला मुलगा, असं लोक त्याच्या मागे म्हणत होते आणि तो स्वतःला तोंडावर म्हणत होता. त्याला याची खरोखरच भीती वाटायला लागली होती.

त्याला दिसायचा तो फक्त गाडीचा डॅशबोर्ड. दवाखान्यात नेताना जानराव पुढच्या सीटवर बसले होते. दम लागला तसा त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला, आणि उन्हाने तडकलेल्या त्या प्लॅस्टिकची एक पट्टी त्यांच्या मुठीतच निघून आली. नर्सने ती मुठीतून सोडवली आणि "हे तुमचं" म्हणून अमोलच्या हातात दिली. तेव्हापासून त्या उघड्या जागेकडे त्याला बघवत नव्हतं. महिन्यापूर्वी हौसेने मागवलेली सागवानी रंगाच्या विनाइलची गुंडाळी माळ्यावर पडून होती. सहाव्या दिवशी सकाळी त्याने ती खाली काढली.

"सुतकात कोनी गाडी सजवते का?" वर्षाली, त्याची बायको, दारातून म्हणाली. "लोक तोंडात शेन घालतीन."

"सजवून नाई राहिलो," अमोल म्हणाला. "झाकून राहिलो."

विनाइल चिकटवणं मोबाइलवरच्या व्हिडिओत फार सोपं दिसतं. मागचा कागद सोलायचा, अलगद टेकवायचं, हेअर ड्रायरने गरम करत ताणायचं, हवा बाहेर काढायची. अमोलचा पहिला तुकडा स्वतःलाच असा चिकटला की त्याची पुरणपोळी झाली. दुसरा त्याच्या कोपराला चिकटला, आणि तो सोडवताना कोपरावरचे केस सागवानात गेले. पण तिसरा बसला. वर्षालीचा ड्रायर, खिडकीतून आत घेतलेली वायर, मिठाईच्या डब्याचा जाड पुठ्ठा आणि बुडबुडे फोडायला सुई, एवढ्या सामानावर त्याने पोर्चमध्ये मुक्काम ठोकला. भेटायला येणारे त्याच्याकडे बघत घरात जात, आत बसून रडत, आणि निघताना गाडीपाशी थांबून "तिकडच्या कोपऱ्यात हवा राहिली" असं बजावून जात.

आठव्या दिवशी तो पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यापाशी पोचला. या कप्प्याचं झाकण खटकन उघडून बसणाऱ्याच्या मांडीवर पडायचं. आज मात्र ते ओढूनही उघडेना. अमोलला बरंच वाटलं. झाकण निराळं आणि कडा निराळ्या असं केलं की सांध्यातून विनाइल सुटतं, हे त्याला आता कळलं होतं. त्याने सगळ्यावरून एकच अखंड तुकडा घातला. दोन दिवस तळहाताने दाबून, घासून, कुरवाळून त्याने तो असा बसवला की इथे कधी कप्पा होता हे कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आता अमोलला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगून टाकायला हवी. जानराव त्या कप्प्यात होते.

म्हणजे त्यांच्या अस्थी होत्या. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर थोरला शालिकराम अस्थींचं लोटकं पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणात उभा होता. अस्थी घरात न्यायच्या नाहीत, बाहेर झाडाला टांगायच्या, ही रीत. पण सबंध गल्लीत झाड एकच, शेजाऱ्यांचा शेवगा, आणि त्याच्या शेंगा अख्खी गल्ली वरणात घालते. शेजाऱ्यांनी हात जोडले. शालिकरामने विचार केला की गाडी पोर्चमध्ये आहे आणि पोर्च काही घर नव्हे. त्याने लोटकं कप्प्यात ठेवलं, झाकण पडू नये म्हणून फटीत कागदाची घडी करून गच्च ठोसली, आईच्या कानावर घातलं आणि मार्चअखेर म्हणून तो दुपारच्या गाडीने अकोल्याला आपल्या बँकेत निघून गेला. गोदाबाई त्या दिवसांत कशालाही मान हलवत होत्या.

अमोल तेव्हा आंघोळीला गेला होता. बाहेर येऊन बघतो तर दादा पाठमोरा, काखेत कापडी पिशवी. अमोलने ओळखलं की यानं बाबाला अकोल्याला नेलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. त्याला ते फार लागलं. पण दोघा भावांचं बोलणं गेली काही वर्षं बायकांच्या मार्फतच चालत असे, आणि असली गोष्ट बायकोकडून विचारणं त्याला बरं दिसेना.

दहाव्याला तिघं कौंडण्यपूरला निघाले. अमोल गाडी चालवत होता, पहाटे अकोल्याहून आलेला शालिकराम मागे, आणि पुढच्या सीटवर धामणगावचे शेषराव मामा, म्हणजे गोदाबाईंचे थोरले भाऊ. मामा उंच, त्यामुळे त्यांचे दोन्ही गुडघे त्या सागवानी फळीला टेकले होते. आपल्या मेव्हण्याविषयी त्यांच्या मनात चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, आणि आता जानराव ऐकायला नाहीत म्हणून त्यांनी ते रस्ताभर मोकळं केलं. माणूस हेकट, माणूस चिक्कट, लग्नात आपल्याला धड शेला दिला नाही, अशी एकेक कलमं. प्रत्येक कलमाला ते फळीवर चापट मारत.

"काम मात्र झकास केलं बरं," मध्येच ते अमोलला म्हणाले. "सागवानच वाटते."

कौंडण्यपूरला वर्धेच्या घाटावर गर्दी होती. गुरुजींना पाठोपाठ तीन कार्यं होती. न्हाव्याने आधी दोघा भावांची डोकी केली. मग गुरुजी म्हणाले, अस्थी आणा. शालिकरामने अमोलकडे पाहिलं. अमोलने शालिकरामकडे पाहिलं. उन्हात दोन ताजे गोटे एकमेकांसमोर चकाकत राहिले.

"काढ ना," अमोल म्हणाला. "तूच तं नेली अकोल्याले."

"मी कायले नेतो? गाडीत ठेवली."

"गाडीत कोठी?"

शालिकराम गाडीपाशी गेला आणि दार उघडून थबकला. त्याच्यासमोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत साग होता. त्याने हाताने चाचपलं, वाकून खालून पाहिलं. मग वर न बघता त्याने विचारलं, "इथला कप्पा कुठी गेला?"

अमोल फळीची कड नखाने खरवडू लागला. मामांनाही उलगडा झाला. आपण रस्ताभर कुणाच्या तोंडावर बोललो आणि चापट्या कुणाला मारल्या हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी घाईने आपल्या गुडघ्यांना हात लावून नमस्कार केला.

विनाइल नखाने सुटेना. किल्लीने सुटेना. अमोलच्या आयुष्यात इतकं पक्कं काम पूर्वी कधी झालं नव्हतं. ड्रायरने गरम केलं असतं तर सुटलं असतं, पण ड्रायर अमरावतीत होता. गुरुजी घड्याळ बघायला लागले. दुसऱ्यांच्या दहाव्याला आलेली माणसं आपापली दुःखं सोडून गाडीभोवती जमली, आणि एकाने हे काम कुठून करून घेतलं अशी चौकशीही केली. शेवटी न्हावी पुढे आला. त्याने वस्तऱ्याला नवं पातं लावलं, कड कुठे आहे ते अंगठ्याने शोधलं आणि दाढी करावी तसं सरळ खाली ओढत आणलं. सागवान चर्रकन फाटला. मग आडवा एक छेद दिला, शालिकरामने कागदाची घडी उपसली आणि झाकण खटकन पडलं.

आत पांढऱ्या फडक्यातलं लोटकं होतं. एवढंसं. अमोलने ते पाहिलं, आणि मग आपल्या तळहाताकडे पाहिलं. दोन दिवस तो तिथेच बसला होता. एक बुडबुडा राहू नये म्हणून घासत, कुरवाळत होता, आणि बाप वीतभर पलीकडे होता. त्याच्या घशातून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. मग तो गाडीच्या दाराला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा, हुंदके देत, नाक वाहेपर्यंत रडला.

लोक चपापले. फाटून लोंबणाऱ्या विनाइलकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघू लागले. न्हाव्याने ओशाळून वस्तरा मिटला. शालिकराम खाली बसला आणि त्याने भावाचं डोकं छातीशी धरलं.

"रडू नको ना बे," तो म्हणाला. "अकोल्यात याच्याहून भारी भेटते. मी आनून देतो तुले."

तसं नाही, हे सांगायला अमोलने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा हुंदकाच बाहेर आला. मग त्याने नाद सोडला. दादाने त्याला असं जवळ घेतलं त्याला पंचवीस वर्षं तरी होऊन गेली होती. कारण चुकीचं असलं तरी ते सोडून दूर व्हावं असं त्याला वाटेना.

अस्थी नदीत सोडल्या. परत निघण्यापूर्वी शेषराव मामांनी बाजूला जाऊन बहिणीला फोन लावला. हलक्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

"रडलं बाई तुयं पोट्टं एकदाचं," ते म्हणाले. "पन तुले खरं सांगतो गोदे, बापासाठी नाई रडलं. त्याचं ते गाडीतलं प्लॅस्टिक फाटलं म्हनून रडलं."



"रडला ना?" पलीकडून गोदाबाई म्हणाल्या. "मंग झालं. आता त्याले कोनी काई इचारू नका."